प्राचीन अवशेषांचे संरक्षण व जमातींची संमती

जमातींच्या वस्तीतील प्राचीन अवशेष शासनाच्या रक्षणाखाली घेताना तेथील रहिवाशांची संमती लागते काय, हा स्मारकविषयक कायद्यातील मूलभूत प्रश्न होय. रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात ठाकूर व कातकरी यांची जुनी वस्ती आहे. त्याच तालुक्यातील, राजमाचीच्या पायथ्याची कोंडाण्याची बौद्ध लेणी केंद्रीय संरक्षणाखाली आहेत. १९५८ च्या कायद्यानुसार स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे घोषित करण्यापूर्वी दोन महिन्यांची सूचना देतात व हितसंबंधी व्यक्तीस हरकत घेता येते. संरक्षणाचा करार मात्र मालकाशीच होतो. जमिनीचा दाखला नसलेली जमात त्यात बसत नाही. आणि हरकत ऐकणे म्हणजे संमती घेणे नव्हे. याउलट अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील कॅन्यन द शे येथील प्राचीन प्वेब्लो वस्त्यांचे अवशेष १९३१ मध्ये राष्ट्रीय स्मारक झाले, ते नॅव्हाहो जमातीच्या मंडळाने संमती दिल्यावर. भूमीची मालकीही जमातीकडेच राहिली. भारतात २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी जमातींच्या सांस्कृतिक वारशास बाधक कृती रोखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. तथापि तो वारसा जपण्याचा अधिकार आहे. स्मारकाच्या घोषणेस संमती देण्याचा वा नाकारण्याचा नव्हे.