राजव्यवहारकोश आणि शब्दांची सार्थता

राज्यकारभारातील शब्द सार्थ केव्हा ठरतो, या प्रश्नाच्या दृष्टीने राजव्यवहारकोशाचा इतिहास उद्बोधक आहे. १६७४ मधील राज्याभिषेकाच्या सुमारास पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला. शिवाजीमहाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांनी सिद्ध करविलेल्या कोशात फार्सी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय देण्यात आले. राज्याचे स्वातंत्र्य त्याच्या भाषेतूनही प्रकट व्हावे, ही दृष्टी त्यात स्पष्ट दिसते.

तथापि या पर्यायांची पुढील गती एकसारखी नाही. अमात्य व सचिव ही पदे बावडा व भोर येथील घराण्यांशी निगडित होऊन टिकली. उलटपक्षी, १८ व्या शतकात मुद्रेवर ‘प्रधान’ असले तरी लोकांच्या तोंडी ‘पेशवे’च राहिले. वसूल, फिर्याद, जमीन, कागद हे शब्द तर रयतेच्या नित्य व्यवहारात इतके रुळले होते की ते हलले नाहीत.

यावरून कोश निष्फळ ठरला, असे म्हणणे योग्य नव्हे. सत्ता शब्दाला प्रतिष्ठा देऊ शकते. अर्थ मात्र बोलणारा आणि ऐकणारा यांच्या सामाईक व्यवहारातूनच येतो. ज्याच्यावर अंमल करावयाचा त्यालाच न उमगणारी आज्ञा, तिचे शब्द कितीही शुद्ध असोत, कागदावरच राहते.