‘युद्धकैदी’ आणि ‘बेकायदेशीर लढवय्या’ यांत फरक काय?
ग्वांतानामोच्या बातम्यांत हे दोन शब्द आपण नेहमी वाचतो. युद्धकैदी म्हणजे शत्रूच्या हाती लागलेला सैनिक. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार केवळ लढला म्हणून त्याच्यावर खटला चालत नाही आणि लढाई थांबली की त्याला सोडावंच लागतं. दर्जाबद्दल शंका असेल तर न्यायाधिकरणाच्या निर्णयापर्यंत त्याला युद्धकैद्याचंच संरक्षण मिळतं.

‘बेकायदेशीर लढवय्या’ हा शब्द मात्र जिनिव्हा करारांत नाहीच. हेच लेबल लावून अमेरिकेने २००२ मध्ये कैद्यांना युद्धकैद्याचा दर्जा नाकारला. तिथल्याच सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये बूमेदिएन खटल्यात त्यांचा हेबियस कॉर्पसचा, म्हणजे कैदेला कोर्टात आव्हान देण्याचा हक्क मान्य केला.

म्हणून असा शब्द दिसला की आपण आधी विचारू या: हे नाव कुणी दिलं, आणि त्यामुळे कैद्याचा कोणता हक्क गेला?