चंचल जनुकांचा इतिहास



अमरावती-अकोल्याकडे हुरड्याचे दिवस आले म्हणजे आपण शेकोटीभोवतीं बसून ज्वारीचीं कणसें चोळतों; पण दाण्यांच्या रंगाकडे निरखून पाहणारा विरळाच. ज्वारीच्या एका प्रकारांत फिकट दाण्यांवर तांबड्या रेघा उमटतात. त्यांचें कारण १९९९ सालीं उलगडलें. रंग घडविणाऱ्या जनुकांत एक उपरा तुकडा शिरून तें बंद पाडतो; आणि दाणा वाढत असतांना ज्या पेशीतून तो निघून जातो, तिच्या वंशांत रंग परत येतो.

अशा चंचल तुकड्यांचा शोध मात्र प्रथम मक्याच्या कणसांत लागला. अमेरिकेंतील बार्बरा मॅक्‌क्लिंटॉकबाईंनीं १९४४ पासून मक्याचे ठिपकेदार दाणे तपासले आणि गुणसूत्रांवरील कांहीं घटक जागा बदलतात, असा निष्कर्ष काढला. जनुकें माळेंतील मण्यांप्रमाणें स्थिर असतात, अशी त्या काळची दृढ समजूत होती. त्यामुळें १९५१ सालीं बाईंनीं हें मत विद्वत्परिषदेंत मांडलें, तेव्हां तें फारच थोड्यांस पटलें. पुढें जिवाणूंत व माशींतही तसेच घटक सांपडले, आणि १९८३ सालीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, त्यांना नोबेल पारितोषिक लाभलें.

मनुष्यही यांतून सुटलेला नाहीं. आपल्या जनुकसंचाचा सुमारें ४५ टक्के भाग अशा घटकांचे अवशेष आहेत, असें २००१ सालीं दिसून आलें. बहुतेक मृतवत् आहेत. पण आपली प्रत काढून ती अन्यत्र घालणारे थोडे अद्याप जागे आहेत. १९८८ सालीं हिमोफिलिया झालेल्या दोन मुलांत अशी प्रत रक्त गोठविणाऱ्या जनुकांत शिरलेली आढळली.

जें बिघडवतें, त्याचाच शास्त्रज्ञांनीं उपयोग करून घेतला. जिनिंगच्या कारखान्यांत एखादें चाक अडकवून कोणतें काम थांबतें तें पाहावें, तसें हें आहे. शिरलेला तुकडा जनुक बंद पाडतो आणि स्वतःच खूण म्हणून तेथें राहतो. मग तें जनुक हुडकणें सोपें. परंतु सस्तन प्राण्यांसाठीं योग्य तुकडा हवा होता. १९९७ सालीं मिनेसोटा येथें इविच, इझवाक व हॅकेट यांनीं माशांच्या जनुकसंचांतील मोडके अवशेष जुळवून एक तुकडा जागा केला. लक्षावधि वर्षें निपचित असल्यामुळें त्यास ‘निद्रिस्त सुंदरी’ हें नांव मिळालें. दुसरा तुकडा कोबीवरील अळीच्या पेशींत सांपडला होता. ही अळी आपल्या हरभऱ्यावरील घाटेअळीच्याच कुळांतली. २००५ सालीं शांघायच्या फुदान विद्यापीठांतील संशोधकांनीं तो उंदरांत यशस्वी केला. त्याच वर्षीं निद्रिस्त सुंदरीच्या साह्यानें उंदरांतील कर्करोगास कारण होणारीं जनुकें शोधण्यांत आलीं.

अकोल्यास १९६९ सालीं कृषि विद्यापीठ स्थापन झालें. ज्वारी व कापूस हीं तेथील अभ्यासाचीं पिकें. तेथें असो वा आपल्या शेतांत, विचित्र रंगाचें कणीस फेकण्यापूर्वीं क्षणभर न्याहाळावें, एवढेंच या इतिहासाचें आपल्यापाशीं मागणें आहे.