लहान मोटार : तिचा सांगाडा, तिचे पाटे व तिचे ब्रेक

मोटारीचा इतिहास सांगणारे बहुधा एंजिनाचाच इतिहास सांगतात. किती अश्वशक्ति, किती वेग, कोणत्या शर्यतींत कोण पहिला, यांतच कथा रंगते. परंतु गाडीला पळविणाऱ्या यंत्रापेक्षां तिला थांबविणाऱ्या आणि रस्त्याला धरून ठेवणाऱ्या साधनांचा वृत्तांत मला अधिक बोधप्रद वाटतो. धंतोलीसारख्या वकील-डॉक्टरांच्या जुन्या वस्तींत एखाद्या बंगल्याच्या आवारांत आजोबांच्या वेळची फियाट ताडपत्रीखालीं झांकून ठेवलेली असली, तर घरांतील तरुण मंडळी प्रथम विचारतात कीं, हिला नवें काय बसवावें? या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं शंभर वर्षें मागें जावें लागतें.

१९२२ सालीं इंग्लंडांत हर्बर्ट ऑस्टिन यांनीं 'ऑस्टिन सेव्हन' ही चिमुकली गाडी बाजारांत आणली. 'बेबी ऑस्टिन' या लाडक्या नांवानें ती पुढें सर्वत्र प्रसिद्ध झाली. पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर अवघें सव्वासहा फूट. सांगाडा इंग्रजी 'ए' अक्षरासारखा : पुढें दोन पोलादी पट्ट्या एकत्र येत, आणि त्या टोकाशीं एकच आडवा पाटा बसविलेला असे; मागें त्याच पट्ट्यांच्या मोकळ्या टोकांना आंखूड पाव-पाटे जोडलेले. रचना स्वस्त, हलकी आणि मोठी चतुर. पण वळणावर गाडी कलली कीं मागचा आंस किंचित् तिरका होई आणि चालकानें न फिरवतांही गाडी थोडी आपणच वळे. ब्रेक चारही चाकांना होते, हें त्या काळीं विशेषच. मात्र पायाचा ब्रेक मागच्या चाकांवर आणि हाताचा पुढच्या चाकांवर, अशी त्यांची वांटणी असे. एवढ्याशा गाडीला नीट थांबवावयाचें तर हात आणि पाय दोन्ही हवेत! १९३० सालीं हे दोन्ही ब्रेक जोडले गेले.

या गाडीच्या उणिवांनींच तिच्या मालकांना कारागीर बनविलें. कोणी पाटे सपाट करून गाडी खालीं आणली, कोणी पुढचा आंस मधोमध कापून दोन्ही चाकें स्वतंत्र हलतील असें केलें, कोणी तारेचे ब्रेक काढून तेलाचे बसविले. १९३९ सालीं अशा हौशी लोकांसाठीं '७५० मोटर क्लब' निघाला. पुढें 'लोटस' या नांवानें जगप्रसिद्ध झालेल्या कॉलिन चॅपमन यांनीं १९४८ सालीं आपली पहिली गाडी जुन्या ऑस्टिन सेव्हनवरच उभारली.

तेलाच्या ब्रेकचें तत्त्व पास्कलचें : बंद भांड्यांतील द्रवावर दिलेला दाब सर्व बाजूंना सारखाच पोंचतो. तारा व दांडे कमीअधिक ताणले जातात आणि मग एक चाक अगोदर धरतें, दुसरें मागाहून. द्रवाला असा पक्षपात ठाऊक नाहीं. अमेरिकेंत माल्कम लॉकहीड यांच्या या योजनेला १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीनें मान दिला; पण ती श्रीमंतांची गाडी. 'मॉरिस एट' या लहान गाडीला हें सुख १९३४–३५ च्या सुमारास लाभलें.

१९३६ सालीं इटलींत फियाटची 'तोपोलिनो' निघाली. तेलाचे ब्रेक, पुढचीं चाकें स्वतंत्र, आणि सांगाड्याच्या पट्ट्यांना वजन कमी करण्यासाठीं पाडलेलीं भोकें. गाडी दोघांसाठीं होती. परंतु दोन माणसांच्या गाडींत सबंध कुटुंब बसविण्याची कला केवळ भारतीयांनाच अवगत आहे, असें समजूं नये. इटालियन कुटुंबेंही मागच्या जागेंत मुलांबाळांसह कोंबून बसत. मागच्या आंखूड पाव-पाट्यांना तो भार सोसवेना. अखेर १९३८ सालीं कारखान्यानें सांगाडा मागें लांबविला आणि त्याखालीं पूर्ण लांबीचे अर्ध-कमानी पाटे बसविले. लोक गाडी कशी वापरतात हें पाहून गाडी बदलली. मला हा प्रसंग साऱ्या शर्यतींहून मोलाचा वाटतो.

आपल्याकडे वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनें कुर्ल्याला फियाट गाड्या जुळविल्या आणि १९५० नंतरच्या दशकांत 'फियाट ११००' मध्यमवर्गाच्या दारांत आली. हिला वेगळा सांगाडाच नव्हता. शरीर हाच सांगाडा. पुढें गुंडाळी स्प्रिंगा, मागें पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इटलींत १९६६ च्या '११०० आर' या गाडीला पुढें चकती ब्रेक मिळाले. आपल्या पद्मिनीनें मात्र ड्रमचीच साथ सोडली नाहीं.

ड्रममध्यें उणें काय, हें चिखलदरा सांगतो. तो समुद्रसपाटीपासून सुमारें ११०० मीटर उंच आणि पायथ्याकडील अचलपूर चारशें मीटरहूनही खालीं. सातशें मीटरच्या त्या उतारांत मुक्त होणारी शक्ति, गाडीचें वजन कितीही असो, ताशीं ६० किलोमीटर वेगांतून सुमारें ५० वेळां थांबण्याइतकी असते. ती सारी ब्रेकवर सोंपविली तर ड्रम तापून फुगतो, अस्तर त्याला पोंचेनासें होतें आणि पाय तळाला टेकला तरी गाडी धांवतच राहते. म्हणून ज्या गिअरमध्यें घाट चढला, त्याच गिअरमध्यें उतरावा, ही जुन्या चालकांची रीत केवळ अंधश्रद्धा नव्हे.

तेव्हां क्रम असा असावा. आधीं शरीराचा गंज व भेगा, विशेषतः पाटे जेथें अडकवितात तेथील पत्रा. मग पाटे, बुशिंगें व शॉक-अॅब्सॉर्बर. मग ब्रेक मुळाप्रमाणें निर्दोष करणें. त्यानंतरच चकती ब्रेकचा विचार. गाडी खालीं आणण्याची इंग्रजी हौस वऱ्हाडाच्या काळ्या मातीवरील रस्त्यांना मुळींच मानवत नाहीं. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहेच. नोंदणीपत्रांतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा फेरफार त्याला मान्य नाहीं. म्हणून मोठा बदल करण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत चौकशी करावी.

आणि ब्रेकचें तेल! तें हवेंतील ओलावा शोषतें व त्यामुळें कमी उष्णतेला उकळूं लागतें. नळींत वाफ झाली कीं पायाखालीं स्पंजासारखें लागतें. दोन वर्षांनीं तें बदलावें. घाईंत त्या जागीं एंजिनाचें तेल मात्र कधीं ओतूं नये. आंतील रबरी वाट्या त्यानें फुगून बसतात आणि मग सारे ब्रेक खोलून काढावे लागतात.