लेदर स्केचबुक हाताने बांधायचं तर नेमकं काय काय लागतं?

इन्स्टाग्रामवर ही रील तुम्हीही पाहिली असेल. कुणीतरी तपकिरी चामड्याची वही उघडतं, कोरी पानं फरफर चाळतं आणि खाली कमेंट पडायला लागतात, "किट कुठे मिळेल?"

खरं तर किटची गरजच नाही. नगरसारख्या शहरात (नाव आता अहिल्यानगर, तोंडात अजून नगरच) चपला शिवणारे, स्टेशनरीवाले आणि बाइंडर यांच्याकडे यातलं जवळपास सगळं असतं. पण काय घ्यायचं आणि काय टाळायचं हे कळलं नाही, तर वही पहिल्या पावसाळ्यातच सुटते.

हाताने केलेलं सचित्र पुस्तक नगरला नवीन नाही. निजामशाहीत १५६५च्या सुमारास इथे 'तारीफ-इ-हुसेनशाही' हे फारसी हस्तलिखित तयार झालं. पहिल्या हुसेन निजामशहाची ही स्तुती, तालिकोटच्या लढाईच्या चित्रांसह. आज ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातल्या चित्रांमधली राणी खुंजा हुमायूनची आकृती नंतर कुणीतरी पुसायचा प्रयत्न केला, पण ते पान साडेचारशे वर्षांनी आपल्यापर्यंत पोचलं. म्हणून सुरुवात कागदापासूनच.

कागद कोणता?

झेरॉक्सचा कागद ७५-८० जीएसएमचा असतो. त्यावर शाईपेन चाललं की मागच्या बाजूला उमटतं. पेन्सिल आणि पेनसाठी १३० ते १६० जीएसएम घ्या. वॉटरकलर करणार असाल तर २०० ते ३०० जीएसएमचा कॉटन कागद घ्या.

बहुतेकांची चूक होते ती पुढे. यंत्रावर बनलेल्या कागदात तंतू एका दिशेने झोपलेले असतात. कागद न मोडता आधी आडवा, मग उभा हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, घडी तशीच पडली पाहिजे. उलट घडी घातली तर ती तडकते, वही सपाट उघडत नाही आणि रंगाचं पाणी लागलं की पानं फुगतात. हातकागदाला अशी ठळक दिशा नसते. तो हवा असेल तर पुण्याची हातकागद संस्था १९४० पासून आहे आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा तर गावाच्या नावातच कागद घेऊन बसलंय. मात्र घेण्याआधी कोपऱ्यात पेनची एक रेघ मारून बघा, शाई पसरते का ते.

हिशोब सोपा आहे. २२ बाय ३० इंचाच्या एका मोठ्या शीटमधून ११ बाय साडेसात इंचाचे आठ तुकडे निघतात. अशा तीन शीटचे २४ तुकडे. ते मधोमध दुमडून चार-चारचे सहा जुडगे करा, ९६ पानी स्केचबुक तयार. ३०० जीएसएम असेल तर एका जुडग्यात दोनच तुकडे ठेवा, नाहीतर घडीच बसत नाही.

आता चामडं

बाजारात दोन प्रकार भेटतील. एक बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं आणि दुसरं क्रोमियमच्या क्षारांनी. पहिलं ताठ असतं, त्यावर नखाचा ओरखडा राहतो, पाण्याचा थेंब टाकला की ते शोषून गडद होतं. दुसरं मऊ आणि लवचिक. कापलेल्या कडेत मधला थर निळसर-राखाडी दिसला तर ते बहुधा क्रोमचं. वहीसाठी दीड मिलिमीटरच्या आसपासचं, वनस्पतींनी कमावलेलं चामडं बरं.

'पीयू लेदर' हे चामडं नव्हेच, कापडावर प्लॅस्टिकचा थर आहे. ओलाव्याने तो पापुद्र्यांसारखा सुटतो. जुन्या ऑफिसच्या खुर्च्या आठवा.

आपल्या मापाच्या वहीला आठ बाय पंधरा इंचाचा तुकडा पुरतो, तोही पुढे दुमडायच्या झडपेसह. हे एका चौरस फुटापेक्षा कमी झालं. त्यामुळे अख्खं कातडं घेऊ नका, बॅगा किंवा चपला बनवणाऱ्यांकडे उरलेले तुकडे मागा.

हत्यारांत रापी आणि आरी महत्त्वाची. रापीने चामडं कापायचं, कड तासायची. आरीने भोकं पाडायची. रीलमध्ये दिसणारी घडी दाबायची हाडाची पट्टी नसली तरी स्टीलच्या चमच्याची पाठ तेच काम करते. भोकं सरळ यावीत म्हणून पुठ्ठ्याची एक पट्टी कापून तिच्यावर खुणा करा आणि तीच प्रत्येक जुडग्यावर ठेवा. बोथट सुई, स्टीलची पट्टी, चार चिमटे. बस.

दोऱ्यात मात्र मी फसलो होतो. चपलांचा नायलॉन दोरा मजबूत म्हणून वापरला, त्याने करवतीसारखा कागदच कापला. जाड सुती किंवा लिननचा दोरा मेणावरून दोन-तीनदा ओढून घ्या.

पहिल्या वहीसाठी जुडगे थेट चामड्याच्या कण्यातून शिवा. यात गोंद लागतच नाही आणि वही सपाट उघडते. कडक पुठ्ठ्याची बांधणी करायची असेल तर मैद्याची ताजी खळ शिजवा. कीड लागू नये म्हणून बाइंडर खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे आणि त्यातलं तांबं कागदाला हळूहळू कमजोर करतं, तेव्हा चित्रांच्या वहीत नको. चपला चिकटवायचं रबर सोल्यूशनही नको, ते पुढे पिवळं पडतं.

वही प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका, आत दमट हवा कोंडते. बुरशी दिसलीच तर घराबाहेर, सावलीत, कोरड्या कापडाने पुसून वारा लागेल अशी उघडी ठेवा. कडक उन्हात ठेवलं तर चामडं आखडतं.