कुडाची मेढ, पत्र्याची मेढ

मंडळी, आजचा विषय भिंत. शहरांतल्या ऑफिसांत आणि काही फ्लॅटमध्ये हल्ली विटांऐवजी पत्र्याच्या उभ्या मेढी लावतात आणि दोन्ही अंगांनी जिप्सम बोर्ड ठोकून पोकळ भिंत करतात. तिच्यावर मोठा टीव्ही टांगायचा म्हटले की जुनी माणसे नाक मुरडतात, "ही कसली भिंत? खिळासुद्धा धरत नाही!" पण अशी भिंत आपल्याला नवी नाही.

आमच्या मेडशीकडे, एकूणच वऱ्हाडात, गरिबाचे घर कुडाचे. थोड्या थोड्या अंतरावर मेढी रोवायच्या, मध्ये तुराट्या नाहीतर पऱ्हाट्या बांधायच्या, वरून शेणामातीचा लेप द्यायचा. जड वस्तू कोणी तुराट्यांवर टांगत नसे. ती मेढीला नाहीतर आड्याला. कूड हा आडोसा, भार मेढीचा. ऐपतदाराच्या घराला मातीच्या रुंद भिंती. तिथे खुंटी भिंत रचतानाच बसवत. मागाहून ठोकली तर माती भुसभुशीत होऊन खुंटी हातात यायची.

जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज किल्लारीच्या भूकंपाने पुसला. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट. मातीत रचलेल्या दगडी भिंतींचे आतला आणि बाहेरचा असे दोन थर, आणि ते एकमेकांना बांधलेले नव्हते. ते सुटले, वरून मातीचे जड धाबे. हजारो माणसे झोपेतच गेली. कित्येक घरांत भिंती ढासळल्या तरी लाकडी खणाची चौकट मात्र उभी होती! पुढे जुन्या भिंतींत आरपार दगड बसवून दोन्ही थर जोडायची पद्धत शिकवली गेली.

जिप्सम बोर्डाचा पूर्वज अमेरिकेतल्या ऑगस्टीन सॅकेटचा. त्याचे पेटंट १८९४ चे. त्या बोर्डावर पुढे टीव्ही येईल हे त्याच्या स्वप्नातही नसणार. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, तेव्हाचे संच चांगलेच अवजड, पण ते टेबलावर बसत. आताचा संच चपटा झाला आणि भिंतीवर चढला.

भिंतीलगत बसवलेला संच मुख्यतः खाली ओढतो. पुढे खेचता येणारा हात असेल तर मात्र तरफेचा नियम लागू होतो (मास्तरकी सुटत नाही हो!). ३० किलोचा संच भिंतीपासून ६० सेंटिमीटर पुढे आला आणि वरच्या-खालच्या बोल्टांत ४० सेंटिमीटर अंतर असले, तर वरचे बोल्ट सुमारे ४५ किलोच्या ओढीने बाहेर खेचले जातात. साडेबारा मिलिमीटरचा बोर्ड तिथे भुगाच होणार. पत्र्याची मेढही पातळ, एकटी असली तर पिळते. म्हणून बोर्ड लावण्याआधीच १८ मिलिमीटरचे प्लायवुड दोन-तीन मेढींना आडवे स्क्रूने पक्के करायचे आणि ब्रॅकेटचे स्क्रू त्यात जाऊ द्यायचे. भिंत आधीच बंद असेल तर लोहचुंबक फिरवून स्क्रूंची डोकी, म्हणजेच मेढी, शोधायच्या. तेवढा बोर्ड कापून प्लायवुड आत बसवायचे. नुसत्या प्लास्टिकच्या गट्टूवर भिस्त ठेवू नये.

आणि हो, बोर्ड बंद करण्यापूर्वी टेप धरून आतला एक फोटो काढून ठेवावा. विजेच्या वायरी कुठून गेल्या तेही त्यात दिसते.