हळदीतील भेसळ व दूषितके

हळदीतील भेसळ व दूषितके या विषयात हळकुंड व हळद पूड यांत मुद्दाम मिसळले जाणारे अपायकारक पदार्थ, तसेच काढणी, वाळवणी व साठवणीच्या काळात नकळत शिरणारे विषारी घटक आणि रोगजंतू यांचा अभ्यास होतो. लेड क्रोमेट हे शिसेयुक्त रंगद्रव्य, मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग, ॲफ्लॅटॉक्सिन ही बुरशीजन्य विषे आणि साल्मोनेला व बॅसिलस सेरियस हे जीवाणू ही यांतील प्रमुख उदाहरणे होत. भारत हा हळदीचा जगातील सर्वांत मोठा उत्पादक व ग्राहक देश आहे. महाराष्ट्रात सांगली ही हळदीची जुनी व मोठी बाजारपेठ असल्याने हा विषय सांगली व सातारा जिल्ह्यांतील शेतकरी, व्यापारी आणि ग्राहक या सर्वांशी निगडित आहे.

सांगली–सातारा भागातील हळद

हळद (शास्त्रीय नाव : कुर्कुमा लाँगा) ही आल्याच्या कुलातील कंदवर्गीय वनस्पती आहे. कृष्णाकाठच्या सांगली जिल्ह्यात, तसेच सातारा जिल्ह्यातील वाई, कोरेगाव व कराड या भागांत तिचे पीक घेतले जाते. लागवड साधारणतः अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होते आणि आठ-नऊ महिन्यांनी पीक काढणीस येते. मिरज तालुक्यातील कसबे डिग्रज येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे हळद संशोधन केंद्र असून ‘कृष्णा’ व ‘फुले स्वरूपा’ या वाणांशी त्याचे नाव जोडलेले आहे. ‘सांगली हळद’ या नावास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सांगलीच्या बाजार समितीत जवळच्या जिल्ह्यांबरोबरच परराज्यांतूनही हळद येते व तेथील सौद्यांतील दराकडे देशातील व्यापाऱ्यांचे लक्ष असते.

सौद्यात हळकुंडाची जाडी, कठीणपणा, मोडल्यावर दिसणारा गाभा आणि बाह्य रंग यांवरून दर ठरतो. हळदीची खरी प्रत कुर्क्युमिन या नैसर्गिक रंगद्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून असते व ते केवळ डोळ्यांनी मोजता येत नाही. त्यामुळे चकाकीला अधिक भाव मिळतो. रंगाच्या भेसळीचे मूळ या व्यवहारात आहे.

काढणीनंतरची प्रक्रिया व धोक्याचे टप्पे

काढलेले कंद स्वच्छ करून जेठे गड्डे व हळकुंडे वेगळी केली जातात. त्यानंतर ती शिजवली जातात. पूर्वी यासाठी लोखंडी काहिलीत पाणी घालून वर हळदीचा पाला व गोणपाट झाकत. अलीकडे वाफेवर शिजवण्याची यंत्रे रूढ झाली आहेत. शिजवल्याने कंदातील पिष्ट फुगून घट्ट होते, रंग सर्वत्र सारखा पसरतो आणि वाळण्यास कमी दिवस लागतात. या उष्णतेने कंदावरील बहुतेक जीवाणू मरतात; मात्र काहींचे बीजाणू टिकून राहतात.

शिजवलेली हळद उन्हात दहा ते पंधरा दिवस वाळवली जाते. उघड्या जमिनीवर वाळवल्यास माती, पक्ष्यांची विष्ठा व उंदीर यांच्यामुळे ती पुन्हा दूषित होऊ शकते. याच दिवसांत अवकाळी पाऊस आल्यास ओलावा वाढून बुरशी धरते आणि हळकुंडाचा रंगही काळपट पडतो.

वाळलेली हळकुंडे लोखंडी जाळीच्या पिंपात फिरवून त्यांवरील साल, खवले व मुळ्या काढल्या जातात. या क्रियेस ‘पॉलिश करणे’ म्हणतात. पॉलिशच्या अखेरीस हळद पुडीचेच पाणी शिंपडून चकाकी आणण्याची रीत आहे व ती निर्धोक आहे. परंतु पुडीऐवजी रासायनिक रंगद्रव्य वापरले गेल्यास भेसळ होते ती याच टप्प्यावर. दळण करताना रंग, पिष्ट किंवा खडूची पूड मिसळणे हा भेसळीचा दुसरा मार्ग आहे.

पेवातील साठवण

सांगलीजवळील हरिपूर हे हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध आहे. पेव म्हणजे अरुंद तोंडाचे व खाली रुंद होत जाणारे जमिनीतील कोठार. तोंड बंद केल्यावर आतील प्राणवायू कमी होऊन कर्बद्विप्राणिल वायू साचतो, त्यामुळे कीड जगत नाही आणि कीटकनाशकाशिवाय हळद दीर्घकाळ टिकते. हाच वायू माणसाला घातक असल्याने पेव आधी उघडून ठेवले जाते व कंदील खाली सोडून हवा तपासल्यावरच कामगार आत उतरतात. पेवाची सुरक्षितता माती कोरडी राहण्यावर अवलंबून असते. २००५ च्या कृष्णेच्या महापुरात अनेक पेवांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले. त्यानंतर पेवांचा वापर घटला आणि गोदामे व शीतगृहे यांकडे कल वाढला.

रंगाची भेसळ

लेड क्रोमेट : हे शिसे व क्रोमियम यांचे गडद पिवळे संयुग असून ते रंग व प्लास्टिक उद्योगासाठी बनवले जाते. त्याच्या वजनात सुमारे ६४ टक्के शिसे असते. त्यातील क्रोमियम हे कर्करोगकारक मानल्या गेलेल्या षट्संयुजी रूपात असते. शिसे शरीरात हाडांमध्ये साठते व गर्भवती स्त्रीकडून गर्भाकडे जाते. बालकांच्या आतड्यांत ते प्रौढांच्या तुलनेत चार ते पाच पट अधिक शोषले जाते. त्यामुळे बुद्धीची वाढ खुंटणे, लक्ष न लागणे व वर्तनातील दोष असे परिणाम संभवतात. थोड्या प्रमाणात शिसे पोटात जात राहिल्यास कोणतेही ठळक लक्षण दिसत नाही; त्यामुळे ही हानी बहुधा लक्षातच येत नाही. शिशाची कोणतीही मात्रा निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटना मानते.

मेटॅनिल यलो : हा कापड, कातडे इत्यादींसाठी वापरला जाणारा कृत्रिम रंग आहे. भारतात खाद्यपदार्थांत त्याच्या वापरास परवानगी नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे यकृत व मज्जासंस्थेवर दुष्परिणाम आढळले आहेत.

बांगलादेशातील संशोधन

या विषयावरील सर्वांत महत्त्वाचे संशोधन बांगलादेशात झाले. तेथील ग्रामीण भागात गर्भवती स्त्रियांच्या रक्तात शिसे अधिक आढळत होते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधक जेना फोर्सिथ व ढाक्यातील आयसीडीडीआर,बी या संस्थेतील त्यांचे सहकारी यांनी त्याचे कारण शोधले. शिशाच्या समस्थानिकांचे परस्परप्रमाण उगमानुसार बदलते, त्यामुळे ते शिशाचा स्रोत ओळखण्याची खूणच ठरते. स्त्रियांच्या रक्तातील शिशाची ही खूण हळदीतील शिशाशी जुळली. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. १९८० च्या दशकात पुरामुळे हळद काळवंडली असता रंग चढवण्यासाठी ‘पेउरी’ या नावाने मिळणारे लेड क्रोमेट वापरण्याची पद्धत सुरू झाली व पुढे ग्राहकांना गडद पिवळ्या रंगाचीच सवय लागली, असे व्यापाऱ्यांच्या मुलाखतींतून पुढे आले.

त्यानंतर तेथील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर सूचना काढल्या, बाजारांत पत्रके वाटली, क्ष-किरणांवर चालणाऱ्या हातातील यंत्राने जागेवरच तपासणी केली आणि भेसळयुक्त हळद विकणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यांना दंड केला. बाजारातील नमुन्यांपैकी शिसे आढळणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील ४७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये शून्यावर आले. हळद गिरण्यांतील कामगारांच्या रक्तातील शिसेही घटले.

दक्षिण आशियातील पाहणी

भारत, पाकिस्तान, नेपाळ व श्रीलंका या देशांतील २३ शहरांमधून घेतलेल्या ३५६ नमुन्यांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे १४ टक्के नमुन्यांत प्रतिग्रॅम २ मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक शिसे होते. पाटणा, कराची व पेशावर येथील काही नमुन्यांत ते प्रतिग्रॅम १,००० मायक्रोग्रॅमहून अधिक होते. अधिक शिसे असलेल्या नमुन्यांत शिसे व क्रोमियम यांच्या अणूंचे प्रमाण जवळपास समान होते, ही लेड क्रोमेटची खूण होय. पॉलिश केलेली हळकुंडे आणि सुटी पूड यांत दूषितता अधिक आढळली.

या आकड्यांचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होतो. प्रतिग्रॅम १,००० मायक्रोग्रॅम शिसे असलेली एक ग्रॅम हळद मुलाच्या पोटात गेल्यास १,००० मायक्रोग्रॅम शिसे जाते. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने पूर्वी दिलेल्या मर्यादेनुसार १५ किलो वजनाच्या मुलासाठी संपूर्ण आठवड्याचे प्रमाण ३७५ मायक्रोग्रॅम येत असे. आणि तीही मर्यादा आरोग्यरक्षणास अपुरी ठरल्याने २०१० मध्ये मागे घेण्यात आली.

बुरशीजन्य विषे

ॲस्परजिलस फ्लेव्हस व ॲस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी ओलसर धान्य, भुईमूग, मिरची व हळद यांवर वाढून ॲफ्लॅटॉक्सिन तयार करतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेल्यावर या विषांचा शोध लागला. १९७४ मध्ये राजस्थान व गुजरातच्या काही भागांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने काविळीची साथ येऊन शंभराहून अधिक लोक दगावले. ॲफ्लॅटॉक्सिनामुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. नेहमीच्या स्वयंपाकाच्या उष्णतेने ते पुरेसे नष्ट होत नाही, त्यामुळे बुरशी लागू न देणे हाच खरा उपाय आहे. हळदीतील ओलावा सुमारे १० टक्क्यांपर्यंत खाली आणणे त्यासाठी आवश्यक असते.

रोगजंतू

कोरड्या मसाल्यांत जीवाणू वाढत नाहीत, परंतु मरतातच असेही नाही. साल्मोनेला अनेक महिने तग धरू शकतो. फोडणीत किंवा शिजणाऱ्या पदार्थात घातलेल्या हळदीतून धोका कमी असतो. शिजवून झाल्यावर वरून पूड घातल्यास तो वाढतो. बॅसिलस सेरियसचे बीजाणू शिजवल्यानंतरही टिकतात व अन्न बराच वेळ कोमट राहिल्यास वाढून उलट्या किंवा जुलाब घडवतात.

मसाले निर्जंतुक करण्यासाठी वाफ व गॅमा किरणे वापरली जातात. नवी मुंबईतील वाशी येथे अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’ संस्थेचे मसाल्यांसाठीचे विकिरण केंद्र २००० पासून कार्यरत आहे. इथिलीन ऑक्साइड वायूनेही निर्जंतुकीकरण होते, परंतु तो कर्करोगकारक असल्याने युरोपीय संघात अन्नासाठी त्यास बंदी आहे. २०२४ मध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथे काही भारतीय मसाला मिश्रणांवर याच वायूच्या अंशामुळे कारवाई झाली. एक दूषितक काढताना दुसरे शिरू शकते, हे यावरून दिसते.

कायदा व मर्यादा

भारतात अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ याची जागा अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याने घेतली व त्याखालील नियम ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. राज्यात त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. नियमांनुसार हळदीत लेड क्रोमेट अजिबात नसावे, शिसे प्रतिग्रॅम १० मायक्रोग्रॅमपेक्षा व एकूण ॲफ्लॅटॉक्सिन प्रतिकिलो ३० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला आढळू नये. युरोपीय संघात हळदीसाठी शिशाची मर्यादा प्रतिग्रॅम १.५ मायक्रोग्रॅम व एकूण ॲफ्लॅटॉक्सिनची प्रतिकिलो १० मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे देशात विक्रीस योग्य ठरलेली हळद निर्यातीत नाकारली जाऊ शकते.

तपासणी

घरगुती चाचण्यांनी ढोबळ अंदाज घेता येतो :

• पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकल्यास शुद्ध हळद तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे राहते. कृत्रिम रंग असल्यास पाणी गडद पिवळे होते.
• अखंड हळकुंड पाण्यात टाकताच रंग सुटू लागल्यास त्यावर रंग चढवलेला असण्याची शक्यता असते.
• पुडीच्या अर्कात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यास येणारा गुलाबी रंग पाणी घातल्यावरही टिकला, तर मेटॅनिल यलोचा संशय येतो. आम्ल घातक असल्याने ही चाचणी प्रयोगशाळेतच करावी लागते.

या चाचण्यांनी शिशाचे प्रमाण किंवा ॲफ्लॅटॉक्सिन कळत नाही. शिशासाठी क्ष-किरण प्रतिदीप्ती किंवा अणुशोषण वर्णपटमापन आणि ॲफ्लॅटॉक्सिनसाठी द्रव वर्णलेखन या प्रयोगशाळेतील पद्धती वापरल्या जातात.

सामाजिक महत्त्व

हळद स्वयंपाकापुरती मर्यादित नाही. हळदी-कुंकू, लग्नातील हळद, जखमेवरचा लेप, लहान मुलांना दिले जाणारे हळदीचे दूध यांत तिचे स्थान आहे. जेजुरीला, तसेच कराड तालुक्यातील पाली येथील खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला जातो आणि तो श्वासावाटे व तोंडावाटे शरीरात जातो. म्हणून खाण्यासाठी नसलेली पिवळी पूडही शुद्ध असणे आवश्यक ठरते.

रंगाच्या भेसळीचा आर्थिक भार प्रामाणिक उत्पादकावर पडतो. नीट शिजवून, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवलेली, रंग न चढवलेली हळद दिसायला फिकी असते व चकाकणाऱ्या मालापुढे तिला कमी दर मिळतो. कुर्क्युमिन व शिसे यांची तपासणी सौद्याच्या जागी होऊ लागल्यास दर रंगाऐवजी प्रतीवर ठरू शकतो. ग्राहकांनी गडद रंगाचा आग्रह सोडणे हाही प्रतिबंधाचा एक भाग आहे. कारण मागणी आहे तोवर रंग चढवण्याचे प्रलोभन राहते.

हेही पाहा

हळद • कुर्क्युमिन • शिशाची विषबाधा • ॲफ्लॅटॉक्सिन • भौगोलिक मानांकन • हरिपूर